परदेशी गेलेल्या मुलीसाठी यंदा कोणता स्वेटर विणू?

प्रश्न थोडक्यात असा होता. नाशिकच्या एक ताई २५ वर्षं विणताहेत. त्यांची मुलगी सप्टेंबरमध्ये नोकरीसाठी स्कॉटलंडमधल्या एडिनबरोला गेली. जाताना ताईंनी तिला वेण्यांची नक्षी असलेला, बंद गळ्याचा स्वेटर विणून दिला, पण व्हिडिओ कॉलवर तो कधी अंगात दिसत नाही. विचारलं की ‘छान आहे गं, पण...’ एवढंच म्हणते आणि विषय बदलते. घरात ॲक्रिलिक लोकरीच्या १२-१५ रंगीत गुंड्या पडून आहेत. तिकडे यंदा हाताने विणलेल्या कपड्यांत कोणती फॅशन आहे आणि कोणती नक्षी घातली तर ती स्वेटर घालेल, असं ताईंनी विचारलं आहे.

ताई, दोन दिवस विचार करून लिहिते आहे. ‘अमुक नक्षी चालते, ती घाला’ असं सांगणं सोपं होतं, पण त्यात तुमचे दोन-तीन महिने आणि लोकर दोन्ही वाया जाण्याची भीती होती. मी ३५ वर्षं विणते आहे, त्यातली १८ वर्षं पुण्यात विणकामाचे वर्ग घेते. वर्गात येणाऱ्या कित्येकींचं कुणी ना कुणी थंडीच्या देशात असतं, आणि तिकडे कपाटात घडी घालून ठेवलेल्या स्वेटरची गोष्ट बऱ्याच जणींकडे असते. माझ्याकडेही आहे.

तुमच्या प्रश्नात मला दोन प्रश्न दिसतात. नक्षी कोणती, हा तुम्ही विचारलेला. पहिला स्वेटर ती का घालत नाही, हा न विचारलेला, आणि आधी सोडवायचा तो हाच. नक्षी आवडली नाही म्हणून स्वेटर पडून राहिला, असं मी फार क्वचित पाहिलंय. वेण्या तर एडिनबरोच्या कुठल्याही कपड्यांच्या दुकानात आजही दिसतील. अडतं ते धाग्यावर, सैलपणावर, आणि स्वेटर नेमका कुठे घालायचा आहे यावर. विणलेल्या कपड्यात फॅशन बदलते ती मुख्यतः आकारात आणि धाग्यात. नक्ष्या वर्षानुवर्षं त्याच आहेत, फिरून फिरून येतात.

आधी ‘कुठे’ ते बघू. थंडीचा देश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो आणि आपण जितका जाड विणता येईल तितका विणतो. २००९ मध्ये मी टोरांटोला असलेल्या भाच्यासाठी दुहेरी धाग्याचा, छातीभर वेण्या असलेला स्वेटर विणला. अडीच महिने रोज रात्री बसून विणलेला. पुढच्या वर्षी तो आला तेव्हा मी विचारलं, तर म्हणाला, “मावशी, घरात आणि ऑफिसात बावीस अंश असतं गं. बाहेर कोट असतो, आणि याच्या बाह्या कोटात जात नाहीत.” त्या दिवसापासून मी कुणासाठीही टाके घालण्याआधी हवामान नाही, दिनक्रम विचारते. 

एडिनबरोत जानेवारीत दिवसा ६-७ अंश आणि रात्री १-२ अंश असतं. म्हणजे तिथे टोरांटोसारखी कडाक्याची थंडी नसते, पण समुद्रावरून येणारा वारा असतो, भुरभुर पाऊस असतो, आणि डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. वारा आणि पाऊस कोट अडवतो, आतली ऊब स्वेटरने द्यायची असते, आणि ऑफिसात शिरलं की हीटरमुळे तोच स्वेटर उतरवावासा वाटतो. तुमचा बंद गळ्याचा, जाड ॲक्रिलिकचा स्वेटर या तिन्ही ठिकाणी अडतो. कोटात दाटतो, ऑफिसात घाम आणतो, आणि चारचौघांत डोक्यावरून काढायचा म्हणजे केस विस्कटतात. ‘छान आहे गं, पण...’ यातला ‘पण’ मला तरी इथेच दिसतो. अर्थात मी तिला ओळखत नाही. ती चालत जाते की बसने, ऑफिस उकडतं की गारठतं, घरचं हीटर ती बिल बघून किती वेळ लावते, यावर सगळं बदलतं. भाड्याच्या जुन्या दगडी घरात राहत असेल तर तिला घरातच जाड स्वेटर लागेल. एवढं तिला सरळ विचारा. ‘तुला आवडला नाही का’ असं विचारलं तर ती तुमचं मन राखायला ‘आवडला’ म्हणेल. ‘सकाळी निघताना अंगात काय काय घालतेस, ऑफिसात त्यातलं काय काढतेस’ असं विचारलं तर खरं उत्तर मिळेल.

आता धागा. यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण निम्मी लढाई इथेच जिंकली जाते.

आपण बहुतेक जणी बाळंतविड्यावर विणायला शिकलो. टोपी, मोजे, लपेटायची शाल, सगळं मऊ ॲक्रिलिकमध्ये. बाळाला टोचत नाही, रोज धुता येतं, स्वस्त पडतं, आणि पुण्या-नाशिकच्या थंडीला ते पुरतं. त्यामुळे आपल्या बोलण्यात ‘लोकर’ म्हणजे दुकानात मिळणारी कुठलीही गुंडी. पण ॲक्रिलिक हा पेट्रोलियमपासून बनवलेला धागा आहे. तो ओलावा जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे अंगाचा घाम अंगावरच राहतो. आधी उकडतं, आणि मग बाहेरच्या वाऱ्यात तोच ओलसर घाम गार पडतो. मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. एडिनबरोच्या दमट थंडीत हा फरक फार मोठा आहे. शिवाय लोकरीचा तंतू मुळातच कुरळा असतो आणि त्यावर बारीक खवले असतात, त्यामुळे तंतूंच्या मध्ये हवा धरून राहते. ऊब त्या हवेची असते.

मग सगळ्यांनी खरीच लोकर का वापरू नये? कारण ती टोचू शकते. तंतू जितका जाड, तितकं त्याचं टोक कातडीला बोचतं. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची घोंगडी अंगावर घेतली असेल तर तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. ती विणली जाते अंथरायला, पांघरायला आणि पावसात डोक्यावर घ्यायला, नुसत्या कातडीवर घालायला नाही. आइसलंडच्या मेंढीचंही थोडं तसंच आहे. तिच्या अंगावर लोकरीचे दोन थर असतात, बाहेरचा लांब, राठ, पाणी झटकणारा, आणि आतला आखूड व मऊ. तिथली ‘लोपी’ लोकर हे दोन्ही थर एकत्र करून बनते, म्हणून ती हलकी आणि उबदार असते, पण आत पूर्ण बाह्यांचा कपडा नसेल तर टोचते. मेरिनो मेंढीचा तंतू बारीक, म्हणून तो मानेलाही चालतो. शेटलंडची लोकर या दोन्हींच्या मधली. तुमच्या मुलीला टोचणं सहन होतं का, हे माहीत नसताना मी लोपी घेणार नाही. मेरिनो घेईन, किंवा तिलाच तिकडच्या दुकानात जाऊन शेटलंडची एक गुंडी मानेला लावून बघायला सांगेन. ती स्कॉटलंडमध्येच आहे, शेटलंड बेटं त्याच देशात आहेत, आणि तिने रंग स्वतः निवडले तर स्वेटर घालण्याची शक्यता तिथेच वाढते. त्या मेंढ्यांच्या न रंगवलेल्या लोकरीत मातकट तांबूस, करडा, दुधी, जवळजवळ काळा असे रंग मिळतात आणि ते एकमेकांशेजारी कसेही ठेवले तरी शोभतात.

मेरिनो घेताना एक काळजी घ्या. ‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर मशीनमध्ये धुता यावी म्हणून तिचे खवले रसायनाने बोथट करून वर लेप दिलेला असतो. ती आटत नाही, उलट पहिल्या धुण्यात सैल पडून लांबते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या स्वेटरची लांबी एका धुण्यात चार बोटं वाढली. म्हणून नमुन्याचा तुकडा विणून तो धुवून, सपाट वाळवून मगच मोजायचा.

आणि ‘प्लाय’वर विसंबू नका. आपल्याकडच्या गुंडीवर ‘४ प्लाय’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ चार धागे एकत्र पिळलेत एवढाच. ब्रिटिश पॅटर्नमध्ये ‘४ प्लाय’ म्हणजे एक ठरावीक बारीक जाडी असते, आपल्या ४ प्लायपेक्षा बरीच बारीक. १०० ग्रॅममध्ये किती मीटर ते बघा. ४०० मीटरच्या आसपास असेल तर बारीक, २०० ते २५० असेल तर मध्यम, १०० ते १३० असेल तर जाड. सुयांचंही तसंच. आपल्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, आणि नंबर वाढेल तशी सुई बारीक. अमेरिकन पॅटर्नमधली ८ नंबर ५ मिलिमीटरची, आणि तिथे नंबर वाढेल तशी सुई जाड. नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

आता सैलपणा. आपल्या पिढीला शिकवलं गेलं की स्वेटर छातीच्या मापापेक्षा दोन इंच मोठा, मुंढा नीट कापलेला, बाही घट्ट, बॉर्डर कमरेखाली. हातात कसब असलेली बाई मुंढ्यावरून ओळखायची. पण आज तिकडच्या तरुण मुली घालतात तो स्वेटर बहुतेक वेळा छातीपेक्षा १० ते २० सेंटिमीटर मोठा असतो, खांदा दंडावर उतरलेला किंवा गळ्यापासून तिरका निघालेला, आणि लांबीला मात्र आखूड, उंच कमरेच्या पँटच्या पट्ट्यापर्यंत. खालची बॉर्डर बोटभर नाही, चांगली ७-८ सेंटिमीटरची. गळ्याची पट्टी दुप्पट विणून आत दुमडून सैल टाक्यांनी शिवलेली, त्यामुळे गळा भरीव दिसतो. अलीकडे डेन्मार्कच्या डिझायनरांनी, विशेषतः ‘पेटिटनिट’ या नावाने काम करणाऱ्या मेट्टे वेंडेलबो ओक्केल्स यांनी, हा साधा, बिननक्षीचा, अचूक बेताचा स्वेटर जगभरच्या विणणाऱ्यांच्या सुयांवर आणला. नक्षी शून्य, सगळी नजर आकारावर. माझ्या मते स्वेटर आजचा दिसतो की ‘आईने दिलेला’ दिसतो, हे या चार-पाच गोष्टींवर ठरतं.

सैलपणाचा हिशोब टाक्यांत कसा बसतो तेही सांगते, कारण चूक बहुतेक इथे होते. समजा तिची छाती ९२ सेंटिमीटर, सैलपणा १२, म्हणजे स्वेटरचा घेर १०४. नमुन्यात १० सेंटिमीटरला १८ टाके बसत असतील तर साधारण १८७ टाके लागतील. पण तुमचा हात घट्ट असेल आणि १० सेंटिमीटरला २० टाके पडत असतील, तर त्याच १८७ टाक्यांचा घेर ९३ सेंटिमीटरच भरेल. दोन टाक्यांच्या फरकाने जवळजवळ सगळा सैलपणा खाल्ला! बाळंतविड्यावर शिकलेल्या आपल्या हातांना घट्ट विणायची सवय असते, कारण बाळाची बोटं जाळीत अडकू नयेत म्हणून तसंच शिकवलेलं असतं. मोठ्या माणसाच्या स्वेटरसाठी निदान १५ सेंटिमीटर लांब-रुंद नमुना विणा आणि मधला भाग मोजा. माप जुळत नसेल तर हात बदलायला जाऊ नका, सुई बदला.

तिच्या अंगाचं माप मागण्यापेक्षा ती रोज घालते त्या तिच्या आवडत्या स्वेटशर्टचं माप मागा. जमिनीवर पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी, खांद्यापासून खालपर्यंतची लांबी, मागच्या गळ्याच्या मध्यापासून मनगटापर्यंतचं अंतर, आणि दंडाशी बाहीची रुंदी. ही चार मापं मला टेपने घेतलेल्या अंगाच्या बारा मापांपेक्षा जास्त उपयोगी पडली आहेत. तिला कसा सैलपणा आवडतो ते त्यातच असतं.

विणायची दिशाही विचार करून ठरवा. आता बरेच पॅटर्न गोल सुईवर गळ्यापासून खाली, शिवण न घालता विणायचे असतात. त्याचा मोठा फायदा सांगतात तो असा की विणता विणता अंगात घालून बघता येतं. तुमच्या बाबतीत तो फायदा नाही, मुलगी सात हजारांहून जास्त किलोमीटरवर आहे. तरीही मी तुम्हाला वरून खालीच विणायला सांगेन. वीण सहज उसवते ती टाके बंद केलेल्या टोकाकडून. वरून खाली विणलेल्या स्वेटरचा घेर आणि बाह्या संपतात त्याच टोकाला. बाही लांब झाली तर पुढच्या भेटीत फक्त मनगटाची पट्टी उसवून आखूड करता येते, आखूड झाली तर वाढवता येते. खालून वर विणलेल्या बाहीत हे फार कटकटीचं होतं. टाक्यांच्या प्रमाणासाठी मी विणकामावर लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांची टक्केवारीची रीत अजूनही वापरते. घेराचे टाके १०० धरायचे, मनगटाला २०, दंडाला ३३ ते ३५, गळ्याला ४०. घेर १८८ टाक्यांचा असेल तर मनगट ३८, दंड ६२ ते ६६, गळा ७६. आजची बाही थोडी जास्त ढगळ हवी असेल तर दंडाला आणखी चार-सहा टाके द्या. कागदावरचा हा हिशोब जमला की कुठलाही पॅटर्न तुम्हाला अडवणार नाही.

आता तुम्ही विचारलेली नक्षी.

सध्या सगळ्यात जास्त दिसते ती खांद्याभोवती गोल फिरणारी रंगीत नक्षी, आइसलंडच्या ‘लोपापेसा’ स्वेटरची. ती परंपरा फार प्राचीन वाटते, पण हा गोल खांद्याचा प्रकार विसाव्या शतकाच्या मध्यातला. २०२० पासून आइसलंडमध्ये या नावाला कायद्याचं संरक्षणही आहे. दिसायला अवघड आणि विणायला सोपी अशी ही नक्षी, कारण अंग आणि बाह्या साध्या असतात, रंग फक्त खांद्याच्या २०-२५ सेंटिमीटरमध्ये येतात. मुलीला पहिल्यांदा रंगीत काही विणून द्यायचं असेल तर मी हीच निवडीन.

दुसरी आहे फेअर आयलची, आणि ती तुमच्या मुलीच्या अगदी दाराशी आहे. ऑर्कनी आणि शेटलंडच्या मध्ये असलेल्या एका छोट्या बेटाची ही नक्षी. १९२२ मध्ये त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सने सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर असा स्वेटर घातला आणि तो शहरी फॅशनमध्ये आला. सेंट अँड्र्यूज एडिनबरोपासून सरळ रेषेत जेमतेम ५० किलोमीटर. हिच्यात रंग कितीही असोत, एका सुईवर, म्हणजे एका ओळीत, दोनच धागे चालतात. जो धागा विणत नाही तो मागून जातो, त्यामुळे कापड दुहेरी आणि उबदार होतं. मागून जाणारा धागा पाच टाक्यांपेक्षा लांब ठेवू नका, नाहीतर घालताना बोटं अडकतात, आणि तो ओढून धरू नका, नाहीतर कापड आकसतं. ही नक्षी ॲक्रिलिकमध्ये विणू नका, असं मी आग्रहाने सांगते. शेटलंडच्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात, इतके की तिकडच्या बायका गोल विणलेला स्वेटर पुढून सरळ कात्रीने कापून त्याचं कार्डिगन करतात आणि टाके उसवत नाहीत. ॲक्रिलिकचा धागा गुळगुळीत, तो घसरतो. त्याला कात्री लावली तर सगळं हातातून जाईल.

वेण्यांबद्दल एक गैरसमज दूर करते. आयर्लंडच्या अरान बेटांवर प्रत्येक घराण्याची वेगळी वेणी असे आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख त्यावरून पटे, ही गोष्ट आपल्याकडेही ऐकू येते. तिला आधार नाही. अरानचा वेण्यांचा स्वेटर आज दिसतो त्या रूपात विसाव्या शतकातच घडला, आणि तो बायकांनी मोठ्या प्रमाणात विकण्यासाठी विणला. मला ही खरी गोष्ट जास्त भावते, कारण तीत विणणाऱ्यांच्या हातांना त्यांच्या कामाची किंमत मिळाली आहे. वेणी कापड आत ओढते, म्हणून सपाट विणीपेक्षा टाके जास्त लागतात आणि लोकरही. ॲक्रिलिकची वेणी वरून इस्त्री फिरली की कायमची मरते, धाग्याचा ताणच जातो. हे मी एका स्वेटरवर अनुभवलंय, तो पुन्हा उठला नाही.

मोहेरचं वेड अजून ओसरलेलं नाही. अंगोरा जातीच्या बकरीचे केस रेशमासोबत कातलेले, २५ ग्रॅममध्ये २१० मीटर इतका तलम धागा. (अंगोरा लोकर मात्र सशाची, मोहेर बकरीची, दुकानात नीट विचारून घ्या.) तो साध्या लोकरीसोबत जोडून विणतात, त्याने कापडावर धुक्यासारखी लव येते आणि वजन न वाढता ऊब वाढते. सुंदर दिसतं, पण महाग आहे आणि चुकलं तर उसवताना धागे एकमेकांत गुंततात. पहिल्या प्रयत्नाला नको.

छोट्या गोष्टींत डोकं झाकणाऱ्या टोपीची, म्हणजे बालाक्लाव्हाची फॅशन २०२१-२२ च्या हिवाळ्यापासून जोरात आली. ती आपली माकडटोपीच! रात्रपाळीच्या वॉचमनपासून आजोबांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर असलेली. नाव क्रायमियातल्या गावाचं, १८५४ च्या लढाईवरून. आता ती मऊ मेरिनोत, चेहऱ्याभोवती रुंद रिब (उभ्या रेघांची लवचीक पट्टी) घालून विणतात. हूड आणि मफलर एकत्र असलेला प्रकारही चालतो, तो पाहून मला बाळाची कुंची आठवते. बिनबाह्यांचा व्ही गळ्याचा स्वेटर, जो आपल्याकडे वडीलधारे शर्टावर घालत, तोही तरुण मुलींच्या अंगावर आला आहे, थोडा आखूड आणि सैल होऊन. ऑफिसात उकडत असेल तर याहून सोयीचं काही नाही, आणि कोटात बाह्या दाटायचा प्रश्नच नाही.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. मोठ्या स्वेटरला लगेच हात घातला नसता. आधी मेरिनोचा छोटा गळपट्टा, सगळ्या सुया सुलट, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता, मानेला एक वेढा घेऊन गाठ मारता येईल एवढाच. १०० ग्रॅम लोकरीत होतो, आठवड्याभरात संपतो. तो तिने वापरला तर धागा तिला सोसतो हे कळलं. मग बिनबाह्यांचा स्वेटर, त्यात माप आणि सैलपणा कळेल. आणि जानेवारीत, तिच्या रंगांच्या शेटलंड लोकरीत, पुढून उघडा, गोल खांद्याची नक्षी असलेला कार्डिगन. उघडा अशासाठी की ऑफिसात चटकन काढता येतो. मध्यम जाडीची ११०० ते १४०० मीटर लोकर लागेल, सगळी एकदमच मागवा, लेबलवरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) एक असू द्या. चकचकीत प्लास्टिकची बटणं लावू नका. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत नारळाच्या करवंटीची किंवा लाकडाची बटणं मिळतात, नाशिकलाही मिळतील. तेवढ्यानेही कपड्याचं रूप बदलतं.

घरातल्या ॲक्रिलिकचं वाईट वाटून घेऊ नका, तेही उपयोगी आहे. २०२० मध्ये हॅरी स्टाइल्स या गायकाने जेडब्ल्यू अँडरसनचा रंगीत चौकोनांचा कार्डिगन घातला आणि जगभरच्या मुलामुलींनी तो घरी विणायला घेतला. त्या ब्रँडने शेवटी पॅटर्नच खुला करून दिला, आणि मूळ कार्डिगन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेला. मुलीला रंग आवडत असतील तर १२-१५ रंगांच्या चौकोनांचा ढगळ कार्डिगन, घरात सोफ्यावर बसताना घालायला, ॲक्रिलिकमध्ये उत्तम होईल. मशीनमध्ये धुता येईल. नाहीतर पायांवर घ्यायचं पांघरूण करा.

पाठवताना धुण्याची रीत चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात लोकर आटेल. कोमट पाणी, चोळायचं नाही, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सपाट पसरून वाळवायचं. मी रिठ्याच्या पाण्यात धुते. तिला तिकडे लोकरीचा साबण मिळेल. उन्हाळ्यात स्वेटर न धुता कपाटात ठेवू नये, घामाच्या डागांवर कसर आधी लागते.

मागचा वेण्यांचा स्वेटर तिला परत आणायला सांगा. त्याची वीण चांगली असेल तर बाह्या काढून, मुंढा थोडा मोकळा करून बिनबाह्यांचा करता येईल. तुमच्या हातच्या वेण्या वाया जायला नकोत. आणि नवा स्वेटर पाठवाल तेव्हा त्याच लोकरीची एक छोटी लडी, दहा-बारा मीटरची, आणि एक बोथट सुई आतल्या बाजूला टाचून द्या. दोन-तीन हिवाळ्यांनी कोपर विरेल, तेव्हा रफू करायला तिच्याकडे नेमका तोच रंग असेल.